पितरांनी नाकारलेलं नाव

तिसऱ्यांदाही तेच झालं, तेव्हा सभागृहातल्या दीडशे माणसांनी हात जोडले.

झाशीतल्या आमच्या मराठी मंडळाची वंशावळ सहा वर्षांपासून संगणकावर आहे. वार्षिक कुलसभेत नवी नावं सर्वांसमोर, मोठ्या पडद्यावर लिहायची ही आमची रीत. यंदा शशिकलाकाकूंच्या ईशानीचं नाव लागायचं होतं. ईशानी दत्तक. काकूंनी तीन वर्षं भांडून ठराव मंजूर करून घेतला. तो दिवस बघायला त्यांचे यजमान रत्नाकरकाका मात्र उरले नाहीत. लेखनिक भीमरावांनी नाव टाइप केलं, जतन करायची कळ दाबली आणि पडद्यावर इंग्रजी संदेश उमटला: रीड-ओन्ली फाइल सिस्टीम. तीनदा करून पाहिलं, नाव काही लागलं नाही.

"रीड ओन्ली. म्हणजे फक्त वाचा, लिहू नका." दामोदरबुवा उठले. गेल्या वर्षी पितृदोष काढायला आलेले हे गृहस्थ मंडळाच्या खोलीत ठाण मांडून बसले आहेत. "मी बजावलं होतं. तलवारीच्या जोरावर इथवर आलेले आपले पितर परकं रक्त वंशात घेतील? यंत्राच्या मुखातून बोलले ते. आता शांत केल्याखेरीज गत्यंतर नाही."

आमचे पितर इंग्रजी कधी शिकले, हे कोणीच विचारलं नाही. मीही नाही. तीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं मी, आणि त्या क्षणी गप्प बसले. त्याची मला अजून लाज वाटते. काकूंनी मानिक चौकातून आणलेला पेढ्यांचा डबा मांडीवर तसाच होता आणि त्या त्याच्या झाकणाकडे बघत होत्या.

ईशानी उठली. ती इथल्याच एका इस्पितळात संगणक सांभाळते.

"हात लावू नकोस, मुली. प्रकोप होईल," बुवा म्हणाले.

"मुझ पर ही होगा ना? होऊ द्या."

पण तिने यंत्राला हात लावलाच नाही. ती अध्यक्षांकडे वळली. "मिलिंदकाका, आपल्या हर्षितचं पण नाव आहे ना आज? पहले उसका लिखवाइए."

हर्षित म्हणजे मिलिंदरावांचा दोन महिन्यांचा नातू. आजोबांनी खुशीत मान हलवली. भीमरावांचा चेहरा मात्र उतरला. त्यांनी नाव टाइप केलं, कळ दाबली. पुन्हा तोच संदेश.

आता मला वाचा फुटली. "काय हो बुवा, अध्यक्षांच्या नातवाचंही रक्त परकं?"

"पितर कोपले की... एकाच्या पापाची झळ सगळ्यांनाच..." बुवा अडखळले.

भीमरावांना राहवेना. "सकाळीच कळलं होतं, साहेब. मी नोंदी करत असताना बिजली गेली. इन्व्हर्टरची बॅटरी बसलेली, संगणक तिथल्या तिथे बंद. परत चालू केला तर कोणाचंच नाव घेईना. बुवाजी म्हणाले, हे अशुभ आहे, कोणाला सांगू नका. आणि ईशानीचं नाव सगळ्यात आधी घ्या."

एवढाच तो चमत्कार. कोणाचंच नाव लागत नव्हतं. बुवांनी फक्त रांग बदलली होती.

मिलिंदरावांनी बुवांकडे असं पाहिलं की बुवा खाली बसले. ईशानीने यंत्राची स्वतःची नोंदवही पडद्यावर उघडली. "ये देखिए. लिहिता लिहिता बिजली गेली, तर डिस्कवर नोंदी अर्ध्या राहिल्या. चालू झाल्यावर मशीनला गडबड दिसली, इसलिए उसने लिखना बंद कर दिया. आणखी खराब नको म्हणून."

शहाणा कारकून वहीची पानं उलटसुलट दिसली की लेखणी खाली ठेवतो, तसंच हे.

"मग जबरदस्तीनं लिहायला लाव की," मागून कोणी म्हणालं.

"नाही. पहले कॉपी." वाचता तर येत होतंच. तिने सगळी वंशावळ पेनड्राइव्हवर उतरवून घेतली. डिस्क तपासली, ती धडधाकट होती. मग दुसऱ्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू केला, म्हणजे दुरुस्ती होईस्तोवर डिस्क वापरात राहणार नाही. इतक्यात बुवा तीर्थाचं भांडं घेऊन पुढे सरसावले.

"पानी मत डालिए, बुवाजी. अभी एक ही बीमारी है."

दीडशे माणसं हसली. मघाशी हात जोडणारी तीच. दुरुस्तीच्या प्रोग्रामने अर्धवट नोंदी अकरा मिनिटांत जुळवल्या.

संगणक पुन्हा सुरू झाल्यावर ईशानीने आधी हर्षितचं नाव लिहिलं. "बच्चे का क्या कसूर," ती म्हणाली. मग कीबोर्ड काकूंपुढे ठेवला. काकूंनी एका बोटाने, एकेक अक्षर शोधत लिहिलं: ईशानी, रत्नाकर आणि शशिकला यांची मुलगी. कळ दाबली. नाव राहिलं. काकू रडल्या, आणि मीही.

"पितर प्रसन्न झाले," बुवा पुटपुटले.

"खुश हों या नाराज, बुवाजी," ईशानी म्हणाली, "आईने लिहिलंच असतं."

मंडळाने नवी बॅटरी घेतली आहे. बुवांची खोली रिकामी करून ती तिथे ठेवली.

कोणी यंत्राच्या, झाडाच्या नाहीतर अंगात आलेल्या देवाच्या तोंडून तुमच्या माणसाला नाकारू लागला, तर हात जोडायची घाई करू नका. त्याच जागी दुसरं नाव लिहून पाहा. ते लागलं नाही, तर दोष नावात नाही. मग जो दोष आहे तो शोधा, आणि आपल्या माणसाचं नाव लिहा.