पासष्टच्या वरच्यांना फी नाही

“पाण्याला कुलूप घालायला निघालेत,” व्हर्लिनकाका स्टिअरिंगवर वाकून स्वतःशीच पुटपुटले. “उद्या धुक्याचेही पैसे मागतील.”

मी त्यांच्या आणि त्यांचा जुना मित्र डॉयल याच्या मधे, गिअरच्या दांडीला गुडघे चुकवत बसले होते, म्हणून मला ऐकू आलं. डॉयलचा डावा कान केव्हाच कामातून गेलाय. तरीही त्यानं मान डोलावली आणि “खरंय” म्हणाला. काकांच्या बोलण्याला एवढं उत्तर पुरतं, हे त्याला इतक्या वर्षांत कळलंय.

बाहेर अजून उजाडायचं होतं. मार्चची पहिली तारीख. आमच्या ओझार्कच्या डोंगरात या दिवशी शाळेतली निम्मी पोरं आजारी पडतात, आणि काही मास्तरही. हार्लन झऱ्यावर ट्राउट मासे धरायचा हंगाम उघडतो तो हा दिवस. झरा सरकारी पार्कात आहे, आणि तिथली रीत अशी की अंधारातच सगळ्यांनी पाण्यात उतरायचं, आपापल्या जागी उभं राहायचं, हातात गळाची काठी धरायची, पण गळ मात्र पाण्यात टाकायचा नाही. भोंगा वाजेपर्यंत नाही. कमरेएवढ्या गार पाण्यात शेकडो माणसं खांद्याला खांदा लावून गप्प उभी असतात. इतकी शांतता आमच्या चर्चमध्येही नसते. मग भोंगा वाजतो आणि सगळ्या दोऱ्या एकदम हवेत जातात.

ज्याची त्याची जागा ठरलेली. कुठं लिहिलेली नाही, पण लाकडी पुलाच्या सावलीतली जागा व्हर्लिनकाकांची, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांच्या आधी ती त्यांच्या वडिलांची होती. त्यांच्या खालच्या अंगाला डॉयल, आणि डॉयलच्या खाली मी, कारण लहानपणी मला गळ टाकायला काकांनी शिकवलं. माझ्या वडिलांना मासे आवडत नसत, आणि आम्हीही फारसे आवडत नसू. जागेला अट एकच. भोंग्याच्या वेळी तुम्ही तिथं उभे हवेत. जागा रिकामी दिसली तर ज्याचा पाय आधी पडेल त्याची.

या वर्षी सरकारनं पार्कच्या फाटकावर प्रवेश फी लावली. गाडीमागे, दर खेपेला. हिवाळाभर गावात दुसरा विषय नव्हता. डॉयलचं म्हणणं, वर्षाचा परवाना घ्यायचा, त्यावर दिवसाचा बिल्ला घ्यायचा, तो टोपीला लावायचा, आणि आता नुसतं आत शिरायचेही पैसे. उद्या बाहेर पडायचे मागितले म्हणजे झालं. न्हाव्याच्या दुकानातले काही म्हणत, भरू की, संडासाला दारं तरी बसतील. कुणी म्हणे, शहरातले लोक हसत भरतील आणि आपली जागा घेतील. मला विचाराल तर मला संताप फीचा नव्हता, त्या पाटीचा होता. ‘आपल्या सहकार्याबद्दल आभार.’ सहकार्य कुणी केलं होतं? मी हिवाळाभर गळाला लावायच्या खोट्या माश्या, मोराच्या पिसाच्या आणि सशाच्या केसाच्या, बांधत बसले होते, बोटांना दोऱ्याचे घट्टे पडले, आणि आता त्या चिमुकल्या माश्यांना पाण्यापर्यंत न्यायला सरकारची परवानगी.

पण सगळ्यांत जास्त चिडले होते व्हर्लिनकाका. आणि त्या चिडण्याला आम्ही घरचे मनातून थोडे भ्यालो होतो.

कारण गेल्या ऑक्टोबरात काका पाण्यात पडले. पुलाखाली, त्यांच्या स्वतःच्या जागी. त्यांची छातीपर्यंतची रबरी विजार पाण्यानं भरली आणि ते उताण्याचे पालथे झाले. डॉयलनं पाठीवरचे पट्टे धरले, मी दंड धरला, आणि दोघांनी मिळून त्यांना ओढत काठावर घातलं. खोकला थांबल्यावर ते म्हणाले, “शेवाळलेला दगड होता.” आम्ही म्हणालो, हो, दगड होता. तिथं तळाला नुसती बारीक खडी आहे. त्यानंतर त्या गोष्टीवर कुणी बोललं नाही. काकांची बायको, माझी ओलेटामावशी, त्यांच्या शर्टाची बटणं लावून देते हे कुणी पाहिलं नाही, आणि ते जिना उतरताना भिंतीला हात लावून उतरतात हेही कुणी पाहिलं नाही. आज निघताना मावशीनं माझ्या हातात थर्मास दिला आणि म्हणाली, “ट्वायला, पाण्याजवळ जरा लक्ष ठेव हं.” मग लगेच, “गार फार आहे ना आज.”

फाटकाशी गाड्यांची रांग होती. चौकीत वँडा बसली होती, पूर्वी बँकेत होती ती, आता सरकारी टोपी घालून.

काकांनी काच खाली केली. “किती घेणार?”

“तुला काही नाही, व्हर्लिन. पासष्टच्या वर फी नाही. तू चालवतोयस ना, म्हणजे गाडीतले सगळेच फुकट. जा आत.”

“मी फुकट मागितलं का तुझ्याकडे?”

“मागायला लागत नाही. नियमच आहे.”

“माझं वय तुला कुणी सांगितलं?”

वँडानं चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं. “व्हर्लिन, आपण एका वर्गात होतो.”

डॉयलला हसू फुटलं. मी त्याच्या मांडीला चिमटा काढला. मागून कुणीतरी हॉर्न दिला. वँडानं आत हात घालून एक रंगीत कागद दिला. “हे वाच सावकाश. या पैशातून काठावर लाकडी फलाट बांधतायत, कठडा असलेला. ज्यांना पाण्यात उतरायला जमत नाही त्यांच्यासाठी. बसायला बाकंसुद्धा आहेत. छान होणार आहे.”

तिच्या मनात काही नव्हतं. वँडा सगळ्यांनाच तो कागद देत होती. पण काकांचे कान लाल झाले. त्यांनी तो कागद घेतला नाही, गाडी मागे घेतली, पुढे घेतली, पुन्हा मागे घेतली, आणि त्या अरुंद रस्त्यावर सगळ्या रांगेच्या साक्षीनं तोंड फिरवलं.

“अरे, अरे,” डॉयल म्हणाला, “वळवतोस कुठं?”

“हा तत्त्वाचा प्रश्न आहे.”

“असू दे की. भोंगा वाजल्यावर तत्त्वाचं बघू. आधी जागा तर धरू.”

“लोकांकडून घेतात आणि मला म्हातारा म्हणून सोडतात. मी असल्या दारातून जाणार नाही. तुम्हाला जायचं तर उतरा.”

कोण उतरणार? आमच्या काठ्या मागे होत्या, आणि काका होते. मी थर्मास घट्ट धरून बसले. मला इतका राग आला होता की तो नेमका कुणावर काढावा हे कळेना. सरकारवर काढायला सोपा होता, म्हणून मी मनातल्या मनात सरकारवरच काढत राहिले.

पार्कची हद्द संपते तिथं एक बुटका सिमेंटचा पूल आहे. पावसात तो बुडतो, एरवी त्यावरून दुधाच्या गाड्या जातात. तिथं फी नाही, कारण तिथं ट्राउटही नाहीत. काकांनी गाडी काठाला लावली, हौद्याचं मागचं फळकूट खाली पाडलं आणि त्यावर बसून काठी जुळवायला घेतली. “हे बघा,” म्हणाले, “देवाचं पाणी. कुणाच्या बापाचं नाही.”

काठ सपाट होता, पाय घसरणार नाही असा. पाण्यात उतरायचं काही कारणच नव्हतं. हे माझ्या लक्षात आलं आणि डॉयलच्याही आलं असावं, कारण त्यानं माझ्याकडे बघितलं आणि मग आपल्या बुटांकडे.

वरच्या अंगाला, झाडांपलीकडे, भोंगा वाजला. लांबून तो गुराच्या हंबरण्यासारखा वाटला. त्यामागोमाग माणसांचा ओरडा आला. आम्ही तिघंही तिकडे तोंड करून उभे राहिलो, नव्हे, आम्ही दोघं उभे राहिलो, काका बसले होते. आत्ता, या क्षणाला, कुणीतरी आमच्या तीन जागांमध्ये पाय टाकत होतं. नवे कोरे बूट असलेला कुणीतरी.

“गेली,” डॉयल म्हणाला. एवढंच.

नंतरचा वेळ वाईट गेला. मी बांधलेल्या मोरपिसाच्या माशीला एक बावळट मासा लागला, तळातला चिखल चघळणारा, नुसते काटे. मी तो सोडून दिला. डॉयलनं तसलाच एक धरला, त्याच्याकडे बराच वेळ बघितलं, आणि म्हणाला, “तुझीही फी वाचली बघ.” काका हसले नाहीत. ते योजना सांगत होते. चर्चमध्ये सह्या गोळा करायच्या. राजधानीला जायचं. वर्तमानपत्रात छापून आणायचं. तोवर हार्लनला पाऊल ठेवायचं नाही, या वर्षी नाही, पुढल्या वर्षी नाही.

“काका,” मी म्हणाले, “पुढच्या शनिवारी मी गाडी चालवते. फी मी भरेन. माझं वय कमी आहे, तुमचा अपमानही होणार नाही.”

“तू भर. तुमच्या पिढीनं भरायचंच शिकून घेतलंय.”

“आणि तो फलाट झाला की...”

“कठडा गुरांना लागतो, ट्वायला.”

मी थर्मास उघडला. कॉफी ओतली. कुणी प्यायली नाही, तिच्यावर साय धरली.

मग काकांचा गळ अडकला. प्रवाहाच्या मधोमध एक ओंडका होता, त्याच्या पोटाखाली. त्यांनी ओढून पाहिलं, बाजूनं झटका दिला, काठी वाकली, पण सुटेना. कुणीही दोरी कापली असती. काकांनी काठी खाली ठेवली आणि फळकुटावरून उतरले.

“कापून टाका,” मी म्हणाले. “माझ्याकडे माश्यांचा डबा भरलाय.”

“चांगली माशी आहे. जाऊन सोडवतो. मांडीएवढं तर पाणी आहे.”

ते एका हातानं गाडीला धरून चालू लागले. गाडी संपली, मग हवेला धरून. डॉयल त्यांच्या पुढे गेला आणि पाण्याच्या कडेला आडवा उभा राहिला.

“बाजूला हो,” काका म्हणाले.

“नाही.”

“तू फी घेतोस का इथं? बाजूला हो म्हणतो.”

“व्हर्लिन, दोरी काप.”

“काल म्हणत होतास जीव गेला तरी फी भरणार नाही, आणि आज दोन तासांत थंड पडलास. तुला फीचं काही वाटतच नाही, मला माहीत होतं. मी एकटाच आहे.”

“वाटतं मला,” डॉयल म्हणाला. “घरी भिंतीला लाथा मारतो मी. तरी आज भरली असती. दुप्पट मागितली असती तर दुप्पट भरली असती, आणि तिथं उभा असतो. तुझ्यामुळे नाही उभा. तुझ्यासाठी गाडीत बसलो, तुझ्यासाठी इथं चिखलातले मासे धरतोय, आणि वर तुझंच ऐकतोय.”

“मग जा की. कोण अडवतंय?”

“जाऊ कसा?”

काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला सरकवायला बघितलं. डॉयल सरकला नाही. त्यानं काकांच्या जाकिटाची दोन्ही टोकं मुठीत धरली, अगदी पोराचं धरावं तशी, आणि मला वाटलं आता हे दोघे म्हातारे मारामारी करणार, आणि मावशीला मी काय सांगू. मी काठावरून पुढे झाले. पण ते मारत नव्हते. काकांचे गुडघे थरथरत होते, उभं राहण्यानंच, आणि डॉयल त्यांना धरून होता. हे दोघांनाही कळत होतं.

“सोड,” काका म्हणाले. आवाज अगदी लहान होता.

“गेल्या वेळी सोडलं असतं तर तू गेला असतास,” डॉयल म्हणाला. “मी रोज रात्री ते बघतो, व्हर्लिन. तुझे पाय गेलेत. तुला आता पाण्यात उभं राहता येत नाही.”