जीभवाले अप्पा

संत्र्याची फोड तोंडात टाकून अप्पांनी डोळे मिटले. समोरच्या बाकावर व्यापारी, दारात लेक आणि उरलेलं संत्रं हातात धरून उभी असलेली बायको, अशी तिन्ही माणसं त्यांच्या तोंडाकडे बघत होती. अप्पांनी फोड सावकाश चावली, या गालातून त्या गालात नेली, बी तळहातावर काढली आणि मान हलवली. सगळं रीतसर झालं. चव तेवढी आली नाही. काहीतरी ओलं आणि गार तोंडात फिरून घशाखाली गेलं, एवढंच.

"छान उतरलंय," अप्पा म्हणाले.

व्यापारी हसला. ते संत्रं त्यानेच आपल्या पिशवीतून काढून दिलं होतं, येता येता तुमच्याच खालच्या ओळीतलं तोडलं असं सांगून. माई, म्हणजे अप्पांची बायको, लेकीला घेऊन चहा टाकायला आत गेल्या, तसा तो बाकावरून पुढे सरकला.

"अप्पा, ते तुमचं नव्हतं," तो हलक्या आवाजात म्हणाला. "नदीपलीकडच्या बागेतलं होतं. मी एक फोड खाल्ली तर दात आंबले माझे."

अप्पांच्या हातातली बी खाली पडली. व्यापारी मात्र समजूतदारपणे बोलत राहिला. शंका त्याला मागच्या फेरीलाच आली होती म्हणे. वाईट वाटलं. पण तो कुणाला बोलणार नव्हता. माणसाचं नाव असतं, ते राहायला हवं. अप्पांनी फक्त बाग उभीच्या उभी त्याला देऊन टाकावी. आंबट निघो नाहीतर गोड, ते त्याचं नशीब. भाव मात्र गेल्या वर्षीचा जमणार नाही, रुपयामागे चार आणे कमी. तेवढं तर अप्पा समजून घेतीलच.

मग चहा आला. त्याने चहाची तारीफ केली, "दुपारी जबाब घ्यायला येतो, वहिनी, नाहीतर माझी माणसं दुसऱ्या बागेला जातील," असं माईंना हसत सांगितलं आणि गेला.

जीभ ही अप्पांची एकुलती एक इस्टेट. बाग होती, पण ती लहान, हाक मारली तर या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत ऐकू जाईल एवढी. शाळेत ते रमले नव्हते, चारचौघांत बोलायला उभं राहिलं की त्यांच्या तोंडचं पाणी पळे, आणि हिशेबात तर लेकीने त्यांना तिसरीतच मागे टाकलं होतं. पण संत्रं म्हटलं की अप्पांचा शब्द शेवटचा. संत्र्याचा रंग खोटं बोलतो. साल हिरवी आणि आत साखर, किंवा साल केशरी आणि आत डोळ्यांतून पाणी काढणारं, असं एकाच ओळीत सापडतं. शिवाय आंबट तोडलं की ते आंबटच राहतं, गवतात घालून ठेवलं म्हणून सुधारत नाही. म्हणून झाड न झाड चाखावं लागतं. अप्पा एका फोडीत सांगायचे, हे आज तोडा, याला अजून आठवडा द्या. आजूबाजूचे बागवाले दुसऱ्याच कुठल्या कामासाठी आल्यासारखे यायचे आणि जाता जाता खिशातून संत्रं काढायचे. त्यांनीच नाव पाडलं होतं, जीभवाले अप्पा. अप्पा वरवर वैतागायचे आणि आतून फुलायचे.

मग मध्यंतरी ताप आला. ताप गेला, पण जाताना नाक आणि जीभ दोन्ही घेऊन गेला. कांदा फोडून नाकाला लावला तरी कळत नव्हता. कुंपणाची तार आणतो असं सांगून अप्पा दूरच्या एका डॉक्टरला दाखवून आले. डॉक्टर म्हणाला, येईल परत, किंवा नाहीही येणार. अप्पा नको असलेल्या तारेचं भेंडोळं घेऊन घरी आले आणि मूग गिळून बसले. घरात सांगायचं तरी काय. ज्या एका गोष्टीसाठी लोक आपल्या दारात येतात, तीच आपल्याकडे उरली नाही, हे त्यांना स्वतःशीही नीट म्हणवत नव्हतं.

आणि नेमकं याच वर्षी घरात वेगळी गडबड चालली होती. दरवर्षी बाग या व्यापाऱ्याला जायची, तो स्वतःच्या नावाच्या खोक्यांत संत्री भरून शहरात पाठवायचा, आणि अप्पा दरवर्षी जेवताना कुरकुरायचे, गोडी आपली आणि नाव त्याचं. लेकीने ते मनावर घेतलं होतं. ती शहरात औषधांच्या दुकानात कामाला होती. शेजारीच एका बाईंचं फळांचं मोठं दुकान होतं. लेकीने त्यांना गळ घातली, अप्पांच्या जिभेची थोरवी सांगितली, आणि त्या बाई आज सकाळी बाग बघायला येणार होत्या. भाव व्यापाऱ्यापेक्षा कितीतरी चांगला होता.

"बाग त्यालाच देऊन टाकू," कप खाली ठेवत अप्पा म्हणाले.

लेक बघतच राहिली. इतकी वर्षं तुम्हीच म्हणत होतात ना, असं तिने विचारलं, तेव्हा अप्पा म्हणाले की आता वय झालं, कटकट नको. बाई निघाल्यासुद्धा आहेत असं तिने सांगितलं, तेव्हा म्हणाले की येऊ दे, चहा पिऊन जाईल. लेकीचा आवाज चढला. व्यापाऱ्याने काही कानात सांगितलंय का, तुम्ही त्याला भिता का, तिने विचारलं. भीती तर होतीच, पण तिला वाटत होती ती नव्हे. दुकानाला कच्चा माल गेला तर तो परत येणार, तोवर व्यापारी दुसरीकडे गेलेला असणार, आणि वर्षाचं पीक झाडाखाली गळून पडणार. वर लोक विचारणार, की जीभवाल्या अप्पांच्या हातून असं झालंच कसं.

माई इतका वेळ कप विसळत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "बाई येऊ दे. बघून तर जाईल."

बाई आल्या त्या मालाच्या गाडीत पुढे ड्रायव्हरशेजारी बसून. अंगाने भरलेल्या, पायात कॅनव्हासचे बूट, बोलणं तोडून. लेकीच्या शब्दाखातर आले, म्हणाल्या. गेल्या वर्षी एकाने आंबट माल पाठवला होता. गिऱ्हाइकांनी पिशव्या परत आणून गल्ल्यावर ठेवल्या. पैशांचं एक वेळ सोडा, पण तो अपमान त्या विसरल्या नव्हत्या.

"झाड न झाड माझ्यासमोर चाखायचं, काका," त्या म्हणाल्या. "पहिल्या खेपेतली एक पिशवी जरी परत आली, तर दुसरी खेप नाही."

अप्पांनी तोंड उघडलं. नाही म्हणून सांगायचं होतं. पण लेक त्यांच्याकडे अशा काही नजरेने बघत होती की त्यांचे पाय आपोआप बागेकडे वळले. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी गत झाली होती त्यांची.

चाखणीची पद्धत लग्नापासूनची ठरलेली होती. माई संत्रं तोडून सोलणार, अप्पा एक फोड खाणार, झाड तयार असेल तर माई त्याच्या फांदीला जुन्या चादरीची पट्टी बांधणार. उरलेलं संत्रं वाया जाऊ नये म्हणून त्याच खाणार. हंगामभर त्यांच्या अंगठ्याचं नख पिवळं असायचं. अप्पांना ते नख रोज दिसायचं, पण त्याचा विचार त्यांनी कधी केला नव्हता.

पहिल्या झाडाखाली अप्पांनी फोड तोंडात घातली. ओलं आणि गार. साल बरी दिसत होती. "तयार," ते म्हणाले.

माईंनी पट्टी बांधायला घेतली नाही. त्या उरलेल्यातली फोड चावत होत्या. "नीट बघा हो," त्या म्हणाल्या. "घाईत बोलताय."

अप्पांनी वळून बघितलं. माईंचा डावा डोळा किंचित बारीक झाला होता. हिला माहीत आहे. किती दिवसांपासून, कसं, काही कळेना, पण माहीत आहे. "आठवडा लागेल याला," ते कसेबसे म्हणाले, आणि माई लगेच पुढच्या झाडाकडे निघाल्या.

तिथे त्यांनी सोललं, आधी स्वतः एक फोड तोंडात टाकली आणि मग अप्पांपुढे हात केला. चेहरा सरळ होता. अप्पा म्हणाले, "तयार." पट्टी बांधली गेली. त्यापुढच्या झाडाशी डोळा बारीक, पट्टी नाही. त्यानंतरच्या दोन्हींना पट्टी. अप्पा चावायचे, डोळे मिटायचं सोडून माईंच्या तोंडाकडे बघायचे आणि निकाल द्यायचे. बाई मागून येत होत्या, मधूनच एखादं पट्टीचं संत्रं स्वतः खाऊन बघत होत्या आणि हं म्हणत होत्या. माईंसाठी पट्ट्या धरून चालणाऱ्या लेकीचा चेहरा उजळला होता. असंच शेवटच्या झाडापर्यंत गेलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं. अप्पांनाही हळूहळू तसंच वाटायला लागलं होतं.

"काकू, तुम्हालाही कळत असेल की आता इतक्या वर्षांत," बाई सहज म्हणाल्या.

"छे हो," माई म्हणाल्या. "सांगतात ते. मी आपली पट्ट्या बांधते."

त्या अगदी साधेपणाने म्हणाल्या, जणू ते खरंच होतं. अप्पांनी मान खाली घातली. असं त्या आजच म्हणत नव्हत्या. आल्यागेल्या प्रत्येकाला हेच सांगायच्या, आणि अप्पांनी ते दर वेळी खरं म्हणून ऐकून घेतलं होतं.

तेवढ्यात फाटक वाजलं. व्यापारी जबाब घ्यायला आला होता. दुकानवाल्या बाई आणि पट्ट्या बांधलेली झाडं बघून काय चाललंय ते त्याला एका नजरेत कळलं. बाईंना त्याने नमस्कार केला. मग पिशवीत हात घालून एक संत्रं काढलं, सोललं आणि फोड अप्पांपुढे धरली.

"आमच्याही मालाचं जरा सांगा की, अप्पा," तो म्हणाला. "ताईंनाही बघू दे तुमची जीभ."

माई अप्पांच्या मागे उभ्या होत्या. वळून बघितलं असतं तर व्यापाऱ्याने तिथेच हसून दाखवलं असतं. अप्पांनी फोड घेतली. बोटांना ती गार लागली. गोड म्हणावं तर आंबट निघेल, आंबट म्हणावं तर या खेपेला मुद्दाम गोड आणलेली असेल. सगळे थांबले होते. व्यापाऱ्याच्या चेहऱ्यावर अजूनही तोच समजूतदारपणा होता. आता तरी हो म्हणा, मी सांभाळून घेतो, असा. अप्पांना त्याचा राग आला, पण त्याहून जास्त स्वतःचा आला.

ते वळले आणि फोड माईंपुढे धरली. "माझी जीभ गेली," ते बाईंना ऐकू जाईल असं म्हणाले. "तापात गेली. मला गोड कळत नाही आणि आंबटही कळत नाही. सकाळपासून जे काही सांगितलं ते हिच्या तोंडाकडे बघून सांगितलं."

लेकीच्या हातातल्या पट्ट्या खाली पडल्या. माईंनी थोडा वेळ फोडीकडे बघितलं, मग ती तोंडात टाकली. डावा डोळा पार मिटला.

"हे सकाळच्याचंच भावंड," त्या व्यापाऱ्याला म्हणाल्या. "तुमच्या चहाच्या वेळी उरलेलं मीच खाल्लं होतं ना."

दुकानवाल्या बाई पट्टी बांधलेल्या झाडाकडे गेल्या, एक संत्रं तोडलं, उभ्या उभ्या सगळं खाल्लं आणि रुमालाने तोंड पुसलं. मग पट्टी नसलेल्या पहिल्या झाडाकडे बोट केलं.

"त्याला किती दिवस, काकू?"

माईंनी सवयीने अप्पांकडे बघितलं. अप्पांनी नजर कुंपणाकडे वळवली आणि तिथेच ठेवली.

"आठ," माई म्हणाल्या. "त्यांनी मघाशी आठवडा सांगितला तो बरोबरच होता. पण वरच्या फांदीचं चार दिवसांत होईल."

"पट्टीची झाडं उतरवा," बाई म्हणाल्या. "बाकीचं पिशव्या परत येतात की नाही ते बघून ठरवू."

व्यापाऱ्याने घड्याळ बघितलं. त्याची माणसं खोळंबली होती. जाताना फाटक त्याने उघडंच टाकलं. अप्पांनी जाऊन ते लावून घेतलं. आता मागे फिरायला जागा नव्हती.

संध्याकाळी गाडी भरून गेली. लेकही तिच्यातच बसून गेली. ओट्यावर दोघंच उरली, तेव्हा अप्पांनी कधीपासून म्हणून विचारलं.

"तुमच्या चहात साखरेऐवजी मीठ पडलं होतं माझ्या हातून," माई म्हणाल्या. "तुम्ही अख्खा कप संपवलात आणि वर म्हणालात, मस्त झालाय."

"चुकून पडलं?"

"पहिल्या दिवशी चुकून."

अप्पा हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. मग दोन दिवस घरात कुणी धड जेवलं नाही. रस्त्यावर गाडी वाजली की माई उठून बाहेर यायच्या. तिसऱ्या दिवशी फोन वाजला तो अप्पांनी घेतला. दुकानवाल्या बाई होत्या. एकही पिशवी परत आली नव्हती.

"दुसऱ्या खेपेचं बोलायचंय. काकूंना द्या," त्या म्हणाल्या.

इतक्या हंगामांत त्या घरातला फोन संत्र्यांसाठी वाजला की अप्पांसाठीच असायचा. "देतो," ते म्हणाले आणि फोन माईंच्या हातात देऊन बाहेर आले.

फाटकाशी नदीपलीकडचा बागवाला उभा होता. खिसे फुगलेले. इकडून चाललो होतो, असं तो म्हणाला. गावात बातमी पोचलेली दिसत होती. खिशातलं संत्रं त्याने अर्धवट काढून परत आत सारलं.

"बसा," अप्पा म्हणाले. मग त्यांनी आत हाक मारली. "अगं, तुझ्याकडे आलेत."

माई पदराला हात पुसत आल्या. अप्पांनी बागवाल्याकडून खिशातलं संत्रं मागून घेतलं आणि सालीत अंगठ्याचं नख खुपसलं. जन्मात कधी सोललं नव्हतं. साल तुकड्यातुकड्यांनी निघत होती, रस मनगटावर ओघळत होता आणि डोळ्यात चिळकांडी उडाली ती वेगळीच. नख पिवळं झालं. शेवटी कशीबशी एक फोड मोकळी झाली. ती त्यांनी आधी माईंना दिली.

माईंनी डोळे मिटले. अप्पांनी दुसरी फोड स्वतःच्या तोंडात टाकली आणि त्या काय सांगतात त्याची वाट बघत चावत राहिले.