सोडत राहणारा रहाट

मी एक जुना रहाट आहे. विहिरीवरचा नव्हे, पाणी मी कधी काढलं नाही. माझं काम बोटींचं. क्रोएशियातल्या एका लहान बेटावर समुद्रात उतरत जाणारा दगडी उतार आहे, त्याच्या माथ्यावर मी उभा असतो. हिवाळ्याआधी बोटी वर ओढायच्या आणि वसंतात परत पाण्यात सोडायच्या, एवढंच मी आयुष्यभर केलं. मित्रांनो, ओढण्याने मी इतका थकलो नाही, जितका सोडण्याने थकलो. उतारावरून जड वस्तू सावकाश खाली सोडायची म्हणजे सगळा भार आपल्याच अंगावर असतो. ओढणाऱ्याला निदान दम खायला थांबता तरी येतं.

माझा जन्म समोरच्या बेटावर, बोटी बांधणाऱ्यांच्या आवारात झाला. दोर गुंडाळायचा रूळ ओकच्या लाकडाचा, तो फिरवायला दांडा, दातेरी चाक बिडाचं, आणि चाक उलटं फिरू नये म्हणून त्याच्या दातांत अडकणारी एक लोखंडी खिट्टी. मला इथे रोवलं तेव्हा पाद्रीबाबांनी बोटींबरोबर माझ्यावरही पवित्र पाणी शिंपडलं होतं. पहिला गंज मला त्याच पाण्याने चढला असं धक्क्यावर बसून असणारा बेपो म्हणतो. पण बेपो काहीही म्हणतो.

त्या काळी उतारावर बोटींना जागा पुरत नसे. बायका मासे तळून उरलेलं तेल माझ्या चाकाला घालायच्या. मला भाजलेल्या सार्डिनचा वास यायचा आणि गावातली मांजरं मला चाटून जायची. माझं कौतुक म्हणजे एवढंच. पुढे माणसं चिलीला गेली, ऑस्ट्रेलियाला गेली, जवळच्या स्प्लिट शहरात गेली. प्लॅस्टिकच्या बोटी आल्या, त्या गाडीमागे बांधून नेतात. आता माझ्या वाट्याला एकच लाकडी बोट उरली आहे, ‘पेरिना’. ती प्रोश्पेर म्हाताऱ्याची. पेरिना हे त्याच्या बायकोचं नाव. ती गेली तेव्हा इथल्या रिवाजाप्रमाणे त्याने दाढी सोडली, म्हणजे वाढू दिली, आणि दुखवट्याची मुदत सरली तरी काढली नाही.

माझ्या कामाचे दोन नियम आहेत. आमच्या गावात प्रत्येक जण कप्तान. बोट हलली की सगळेच हुकूम सोडतात. एकदा गर्दीतून कुणीतरी ओरडलं, दांड्यावरच्या माणसाने हात काढले आणि बोट धक्क्यावर जाऊन फुटली. माझा दांडा गरगर फिरला. त्या माणसाचा कोपर पुन्हा सरळ झाला नाही. तेव्हापासून पहिला नियम, आवाज एकाचाच मानायचा. बाकीच्यांनी खुशाल ओरडावं. तो एक गप्प असेल तर दांडा सोडायचा नाही. दुसरा नियम, उतारावरच्या बोटीखाली कुणी जायचं नाही.

आणि आवाज देणाऱ्याचे शब्द दोन. ‘पुश्ताय’ म्हणजे सोडत राहा, हळूहळू, हात न काढता. ‘पुस्ती’ म्हणजे सोडून दे, आता झालं. एकाच घरातली ही दोन भावंडं आहेत. एक दमादमाने चालतं, दुसरं एकदाच काय ते करून मोकळं होतं.

प्रोश्पेर हा आमचा शेवटचा आवाज. पण त्याचे हात कापायला लागले होते. गेल्या शरद ऋतूत त्याची मुलगी झ्देंका स्प्लिटहून आली आणि माझ्या कट्ट्यावर बसून तिने त्याला सुनावलं.

“बाबा, आता पुरे. कॉफी कपात कमी आणि बशीत जास्त पडते तुमची. वसंतात तुम्ही हात न लावता बोट सुखरूप पाण्यात गेली, तर राहा इथे. नाहीतर बॅग भरायची आणि माझ्याकडे यायचं. कबूल?”

“कबूल. तुझ्या चौथ्या मजल्यावरून समुद्र दिसतो ना?”

“पार्किंग दिसतं.”

“मग बोट जाईल,” म्हातारा म्हणाला.

पण दांडा धरणार कोण? गावात उरलेल्यांना स्वतःचे गुडघे धरवत नव्हते. त्याच सुमारास हिमेना आली होती. प्रोश्पेरचा थोरला भाऊ चिलीला गेला, त्याची ही नात. आठवडाभर पाहुणी म्हणून आली आणि राहिली. दंड भक्कम होते, पण आमची भाषा तिला येत नव्हती.

“ही धरणार?” झ्देंका हसली होती. “मीठ मागितलं तर तेल देते ही!”

तेव्हा प्रोश्पेरने शाळा काढली. फळा म्हणजे मी. माझ्या दोराला त्याने एक मोठा दगड बांधला. हिमेनाने तो उतारावर सोडायचा, परत ओढायचा, आणि दांड्याच्या प्रत्येक फेऱ्याला एक रूप म्हणायचं. पुश्ताम, मी सोडत असतो. पुश्ताश, तू. पुश्ता, तो किंवा ती. पुश्तामो, आम्ही. पुश्ताते, तुम्ही. पुश्तायु, ते सगळे. दगड पाण्याला लागला की दुसरं भावंड. पुस्तीम, पुस्तीश, पुस्ती, पुस्तीमो, पुस्तीते, पुस्ते. दगड वर, दगड खाली. सगळा हिवाळा. माझे झिजलेले दात त्या शाळेत आणखी झिजले. शिक्षकाला किंवा विद्यार्थिनीला ते दिसले नाहीत. तेलाची आठवण कुणालाच झाली नाही.

ही दोन भावंडं दोरापुरती राहत नाहीत हे हिमेनाला लवकरच कळलं. शेजारीण ऊर्सा खिडकीतून ओरडायची, “पोरी, ते गाणं सोड की!” म्हणजे रेडिओ लाव. वाटेत उभं राहिलं तर, “सोड मला, जाऊ दे.” चिडलेला माणूस म्हणे, “सोड मला एकटं.”

“आजोबा, छप्पर काय सोडतं?” हिमेना विचारायची.

“पाणी.”

“आणि बेपोकाका?”

“अफवा. त्यासुद्धा रोज. म्हणून तिथे पुश्ता म्हणायचं. एकदाच सोडली असती तर दुसरं.”

“ऐकू येतं मला!” धक्क्यावरून बेपो ओरडायचा.

मित्रांनो, तुमच्याकडे झाड मूळ धरतं. आमच्याकडे झाड मूळ सोडतं. हिमेनाने हे ऐकलं तेव्हा तिने खिट्टी पाडून दगड उतारावरच अडकवला. मग म्हणाली, “म्हणजे सोडलं की राहता येतं?”

“मा, पुस्ती,” म्हातारा म्हणाला. असू दे, जाऊ दे. नाजूक विषय आला की तो एवढंच बोलतो.

बोट सोडायचा दिवस उजाडला. वारा पडलेला होता. झ्देंका सकाळच्या फेरीबोटीने गाडी घेऊन आली. बापाची बॅग तिने आधीच भरून गाडीत ठेवली. प्रोश्पेर उताराच्या कडेला दगडावर बसला, हात मांड्यांखाली दाबून. हिमेना माझ्या दांड्यावर. खाली आडव्या फळ्यांना चरबी फासलेली, त्यावर लाकडी घोडी, घोडीवर ‘पेरिना’.

“अगं, तो रहाट आहे, कॉफीची गिरणी नाही. जोर लाव!” बेपो.

“बेपो, तू जहाजावर बटाटे सोलायचास,” ऊर्सा म्हणाली. “कप्तान कधी झालास?”

“पुश्ताय,” प्रोश्पेर म्हणाला.

हिमेनाने खिट्टी उचलली. ओठांत ती रूपं म्हणत होती. पुश्ताम, पुश्ताश. बोट हातभर उतरली, आणखी हातभर. अर्ध्या उतारावर एक फळी तिरकी झाली आणि घोडी अडकली. दोर सैल पडला. आता काय विचारता? आमचे सगळे कप्तान एका सुरात ओरडले, “पुस्ती! पुस्ती! सोडून दे, आपोआप निघेल!”

हिमेनाने प्रोश्पेरकडे पाहिलं. त्याचं तोंड उघडं होतं, पण आवाज येत नव्हता. त्याला जे दिसत होतं ते तिला किंवा बेपोला दिसत नव्हतं. झ्देंका, शहरात राहून दुसरा नियम विसरलेली झ्देंका, पलीकडून वाकून बोटीखाली शिरली होती आणि फळी सरळ करत होती.

“सोड ना! झोपलीस का?” बेपो ओरडला.

हिमेनाने दांडा सोडला नाही.

फळी सरळ झाली. घोडी सुटली. सगळा भार एका हिसक्यात दोरावर आणि दोरातून माझ्यावर आला. हिमेनाने कोपराने खिट्टी पाडली. खिट्टी पडली आणि माझ्या झिजलेल्या दातावरून घसरली. त्यानंतर ‘पेरिना’ आणि झ्देंका यांच्यामध्ये फक्त त्या मुलीचे दोन हात होते. तिचे पाय दगडावरून सरकले. तळव्यांची सालटी निघाली. ओठांतली रूपं बंद झाली होती.

झ्देंका दुसऱ्या बाजूने बाहेर आली. केसांत चरबी माखलेली.

“फळी तिरकी होती,” ती वैतागून म्हणाली. “केली सरळ. तुम्ही आपले नुसते ओरडत बसा!”

बेपो मटकन धक्क्यावर बसला. झ्देंकाने बापाचा चेहरा पाहिला, मग बोटीचा खालचा कणा, मग दांड्यावरचे हात. काय टळलं ते तिला कळलं, कुणाला सांगावं लागलं नाही.

मग प्रोश्पेरचा आवाज आला, अगदी बारीक. “पुश्ताय.”

पुश्तामो. पुश्ताते. पुश्तायु. बोटीने पाण्यात पोट टेकवलं.

“पुस्ती,” म्हातारा म्हणाला. हिमेनाने दोन्ही हात काढले. दांडा रिकामाच एक फेरा फिरला आणि थांबला.

झ्देंका गाडीकडे गेली आणि बॅग घेऊन आली. मलम त्यात होतं, बापासाठी भरलेलं. ते तळाशी होतं, म्हणून तिने सदरे काढले, लोकरी मोजे काढले, दाढीचा वस्तरा काढला, सगळं माझ्या कट्ट्यावर ठेवलं. हिमेनाच्या तळव्यांना मलम लावून फडकं बांधलं. गाठ तिने दोनदा सोडून पुन्हा मारली.

“बॅग भरू का परत?” प्रोश्पेरने विचारलं.

“पुस्ती, बाबा,” झ्देंका त्याच्याकडे न बघता म्हणाली. “असू दे.”

मग सगळे मासे भाजायला गेले. सदरे संध्याकाळपर्यंत माझ्यापाशीच होते.

माझं म्हणाल तर, पुढच्या वर्षी इथे विजेचा रहाट येणार आहे, अशी अफवा आहे. बेपोनेच सोडली आहे, पण या वेळी ती खरी वाटते. मला निळा रंग देऊन वर फुलांच्या कुंड्या ठेवणार म्हणे. मला राग नाही. थकलेल्या माणसाला बसायला मिळालं तर तो कुठे बसवलं हे विचारत नाही. फक्त तोवर माझ्यावर एक बोट आहे, आणि दात झिजले आहेत. त्या दिवशी दोन हातांनी निभावलं. प्रत्येक वेळी निभावेलच असं नाही.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागतो. तुमच्या घरी, अंगणात, बंदरात माझ्यासारखं कुणी म्हातारं भार धरून उभं असेल, तर त्याला रंग नको, कौतुक नको. थोडं तेल घाला. तळणीतलं उरलेलंही चालतं, मांजरांचं मी बघून घेतो. आणि कुणाला निरोप द्यायची वेळ आलीच, तर एकदम हात काढू नका. आधी पुश्ताय. बराच वेळ पुश्ताय. पाणी लागलं की मगच पुस्ती.