कॉम्प्युटरची खंडेनवमी

कोंडीराम मिस्त्रीनं जन्मात एकही यंत्र बिनपुजेचं ठेवलं नव्हतं. मुरूम गावाच्या बाजूला एका खेड्यात दूध संघ निघाला, तेव्हापासून तिथला जनरेटर, बोअरची मोटर, दूध गार करायचं मशीन असं सगळं त्याच्याच हाताखाली होतं. खंडेनवमीला या सगळ्यांना हळदकुंकू वाहायचं आणि मग बटण दाबून पाच मिनिटं चालवायचं, ही त्याची रीत. पूजा घेतलेलं यंत्र गप बसलेलं त्याला बघवत नसे.

सत्त्याऐंशीच्या दुष्काळात संघाच्या ऑफिसात कॉम्प्युटर आला. कुठल्या गावात किती जनावरं आणि कुणाला किती चारा, याची यादी त्यात असे. तो चालवायचा गुलाब. पोरगा सोलापुरात तीन महिन्यांचा क्लास करून आलेला; त्याआधी संघातच दुधाचे कॅन धूत होता. नवमीला गुलाब गावात नव्हता. बौद्ध वस्तीतली माणसं दसऱ्याला दीक्षाभूमीवर निघाली होती, त्यांच्याबरोबर तोही नागपूरला गेला होता. आता पोरगा नाही म्हणून त्याच्या मशीननं काय उपाशी राहायचं? कोंडीरामनं मोठ्या मायेनं कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहिलं. फ्लॉपीच्या फटीत चिमूटभर, पुढच्या जाळीवर चांगलं मूठभर, आणि रीतीप्रमाणं बटण दाबलं. आतला पंखा घूं करून फिरला आणि बघता बघता जाळीवरचं कुंकू दिसेनासं झालं. देवानं घेतलं म्हणून म्हातारा खूश!

गुलाब परतला त्या दिवशी मशीन काही सुरू होईना. पडद्यावर इंग्रजीतली एकच ओळ येई आणि तिथंच अडून बसे. चेअरमन बलभीमराव येऊन बघून गेले ते चांगलेच तापून.

"तूच कायतरी बिघडवून गेलास आन वर नागपूर हिंडून आलास," ते म्हणाले. "सांजच्याला चालू झालं न्हाय तर हे जाईल सोलापूरला, आन तू जाशील परत कॅन धुवायला."

कोंडीराम दारातच उभा होता. गुलाबवर त्याचा जीव. लेकराच्या पोटावर पाय येतो की काय, या काळजीनं त्याला दुपारची भाकरी गेली नाही. पण या सगळ्यात आपला हात असेल, हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही.

गुलाब म्हणाला, "मामा, तुमचा स्क्रूड्रायव्हर द्या. आन जरा हाताशी थांबा."

दोघांनी टेबलावर जुना पेपर अंथरला. गुलाबनं आधी प्लग काढून ठेवला, मागचे पाच स्क्रू सोडवले आणि पत्र्याचं झाकण अलगद पुढं ओढलं. आतून लालपिवळी पूड भुरुभुरु पेपरावर सांडली. तारांवर, पट्ट्यांवर, जिथं बघावं तिथं हळदकुंकू. कोंडीरामनं चिमूटभर पूड उचलून बघितली; आपल्याच हातचं कुंकू होतं ते. गुलाबनं एकदाच त्याच्याकडं पाहिलं.

"सायकलचा पंप आणा, मामा," एवढंच तो बोलला.

मग दोघं कामाला लागले. पंपानं वारा मारला, रंगाच्या कोऱ्या ब्रशनं कोपरे झाडले. आतली कार्डं एकेक करून उपसली आणि त्यांच्या पिवळ्या कडा शाळेतल्या खोडरबरानं घासल्या. संघाच्या जनावरांच्या डॉक्टरकडून स्पिरिट आणलं, काडीला कापूस गुंडाळून त्यानं फ्लॉपीचं तोंड पुसलं. काडीवरचा कापूस लालभडक होऊन निघाला. या उन्हाच्या तापानं चिपासुद्धा आपापल्या खोबणीतून वर आल्या होत्या, त्या गुलाबनं अंगठ्यानं दाबून बसवल्या.

कपाटात मेमरीच्या नऊ नव्या चिपा महिनाभर पडून होत्या. सोलापूरचा इंजिनीअर येईल तेव्हा बसवील, आणि तो काही येत नव्हता. त्या नव्हत्या म्हणून गावांची यादी दोन तुकड्यांत करावी लागे. गुलाबनं त्या बाहेर काढल्या, पण बसवायला तो धजेना.

"वाकडा दाब पडला तर पाय मोडतो हिचा," तो म्हणाला.

"आण हिकडं," म्हणत कोंडीरामनं नऊच्या नऊ चिपा सरळ बसवल्या. चाळीस वर्षं इंजिनं उघडलेला हात होता तो, उगाच नव्हे.

चार वाजता बटण दाबलं. मशीन सुरू झालं, आणि सगळ्या गावांची यादी पहिल्यांदाच एका दमात पडद्यावर आली. कोंडीरामच्या डोळ्यांत पाणीच आलं.

तेवढ्यात बलभीमराव आत आले. "काय झालं हुतं?"

"धूळ, अण्णा," गुलाब म्हणाला.

"म्हंजी तूच साफ ठेवत न्हवतास. मग चुकी तुजीच की. हितं दुसरा मानूस बघावा लागंल."

कोंडीरामला राहवलं नाही. "धूळ न्हवती, अण्णा. कुंकू हुतं. म्या वाहिलं आन वर बटन दाबलं. पोराची काय चुकी न्हाय."

बलभीमराव खो खो हसत सुटले. "आरं, पूजाच केलीस न्हवं? पाप न्हाय केलंस. फुडल्या बारीला तेवढं बटन दाबू नगंस." दुसऱ्या माणसाचा विषय तिथंच संपला आणि ते हसत हसत निघून गेले.

ते गेल्यावर कोंडीराम गुलाबवर घसरला. "येडा हायस का रं? मला वाचवाया कशापायी खोटं बोललास? नोकरी गेली असती की!"

गुलाब खाली मान घालून झाकणाचे स्क्रू आवळत होता. "तुमाला वाचवाया न्हाय बोललो, मामा."

"मग?"

"म्या कुंकू म्हणलो असतो, तर अण्णा असंच हसले असते का?"

बलभीमरावांना कोंडीराम त्यांच्या लहानपणापासून ओळखत होता. गुलाबच्या तोंडून तोच शब्द निघाला असता तर या खोलीत काय झालं असतं, कोण कोण धावून आलं असतं, पुजेत खोट काढतो म्हणून कसकसं बोललं असतं, हे सगळं त्याच्या डोळ्यांपुढं लख्ख उभं राहिलं. जे खरं सांगून आपण हसण्यावारी सुटलो, तेच खरं सांगायची या पोराला सोय नव्हती. त्याला स्वतःची लाज वाटली.

तो खुर्चीवर बसला. "न्हाय, लेकरा," तो म्हणाला. "हसले नसते."