घागरीच्या जागी पाय

मित्रांनो, मी एक जुनी घडवंची आहे आणि मला लई दिवसांपासून एक गोष्ट सांगायची आहे, तर मधे कुणी बोलू नका. घडवंची म्हणजे पाण्याच्या घागरी ठेवायची मांडणी. चार पाय, वर फळी, फळीला तीन गोल भोकं. येडशीच्या अलीकडं एक गाव आहे, तिथल्या कोंडिबा सुतारानं मला बाभळीच्या लाकडातनं केलं. लाकूड असलं चिवट की त्याची पटाशी दोनदा बोथट झाली.

जाईबाई लग्न होऊन ज्या साली त्या घरात आली, त्याच साली मी आले. सकाळी मला हळदकुंकू लागायचं. चुकून कुणाचा पाय लागला तर तो माणूस वाकून नमस्कार करायचा, कारण मी पाण्याची जागा. पाहुणा म्हणायचा, पाणी गार आहे हो, आणि मला वाटायचं मलाच म्हणाला.

बौद्धवाड्यातली पुतळाबाई मात्र अंगणातच थांबायची. जाईबाईची सासू कस्तुराबाई तिच्या ओंजळीत लांबूनच, वरनं पाणी ओतायची. मला तेव्हा त्यात काही वाईट दिसलं नाही. खरं सांगते, दिसलं नाही.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. घरटी दिवसाला एकच घागर मिळायला लागली, ती कस्तुराबाई आतल्या खोलीत झाकून ठेवायची. माझ्यावरच्या घागरी पालथ्या घातल्या आणि मी रिकामी उभी राहिले. जाईबाईचा नवरा ऊस तोडायला लांब गेला. जाईबाई पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायची, आणि तिच्याच टोळीत पुतळाबाई होती. तिथं दोघी एकाच फडक्यातली, कामावर वाटलेली सुकडी खायच्या. हे जाईबाईनं घरात कुणाला सांगितलं नाही. मला झाडून-पुसून घेताना पुटपुटली, म्हणून मला माहीत.

एके दिवशी दगड घरंगळला आणि जाईबाईच्या नडगीवर बसला. उस्मानाबादच्या दवाखान्यात प्लास्टर घातलं, दीड महिन्यानं काढलं. हाड सांधलं होतं, पण पाय दुध्या भोपळ्यासारखा सुजलेला. बोट दाबलं की खळगा पडायचा आणि तसाच राहायचा. मुकादमानं निरोप धाडला, पंधरा दिवसांत चालत आली तर हजेरीत नाव ठेवतो, न्हाय तर कटलं. पाऊल टेकत नव्हतं आणि दिवस पंधराच.

तेव्हा पुतळाबाई आली. ती आधी चार वर्षं एका मिशनच्या दवाखान्यात आया होती, तिथल्या सिस्टरनं तिला सूज उतरवायला शिकवलं होतं. "पाय उंच ठिवाया कायतरी पायजे," म्हणाली आणि तिची नजर माझ्यावर गेली. कस्तुराबाई लई कुरकुरली, पण घागरीच नव्हत्या तर बाटायचं काय? पहिल्यांदा पुतळाबाई उंबरा ओलांडून आत आली. माझ्यावर गोधडी अंथरली आणि जाईबाईचा पाय वर ठेवला.

मित्रांनो, तिचा हात बघायला पाहिजे होता तुम्ही. मला वाटलं आता चोळणार, रगडणार. ती तर सुजलेल्या जागेला हातच लावेना. आधी जांघेपाशी, मग मांडीवर, तळहात नुसता ठेवायचा आणि कातडी सरकेल इतकाच वर न्यायचा. दुधावरची साय न मोडता बोटानं पुढं लोटावी तसा. मग गुडघ्यामागं, मग पोटरी, आणि पाऊल सगळ्यात शेवटी.

"हात लावतीस का माश्या हाकतीस?" कस्तुराबाई म्हणाली. "जरा जोर लाव की. कामावर बी असंच करतीस व्हय?"

"मावशी, दुखतंय पावलात, पण वाट तुंबलीय वर," पुतळाबाई म्हणाली. "आधी वरचं मोकळं करते, मग खालचं आपसूक सरकतंय."

"सरकलं तर सांग मला. तवर म्या भाकरी थापते."

जाईबाई हसली. दीड महिन्यात पहिल्यांदा हसली.

पुतळाबाई रोज कामावरनं आली की यायची. सुजेचं माप म्हणून पोटरीभोवती दोरा गुंडाळून गाठ मारायची. चौथ्या दिवशी गाठ बोटभर आत आली. आठव्या दिवशी घोट्याचं हाड दिसलं. नवव्या दिवशी जाईबाई मला धरून उभी राहिली आणि तिनं दोन पावलं टाकली. मी तर थरथरत होते, तिच्या वजनानं म्हणा नाहीतर आनंदानं म्हणा.

आणि दहाव्या दिवशी शेजारची चांगुणा दारात डोकावली. "काय चाललंय गं?"

पुतळाबाईनं मान वर न करता सांगितलं, "पाणी उतरवतीय."

एवढंच. पायातलं म्हणायचं राहिलं. चांगुणा तो शब्द घेऊन विहिरीवर गेली, आणि त्याच आठवड्यात विहिरीचं पाणी पुरुषभर उतरलं होतं. झालं. पुतळी पाणी उतरवतीय. घागरीच्या जागी पाय ठिवून उतरवतीय. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावात झालं.

दुसऱ्या दिवशी दारात पाच-सहा बायका, आणि पुढं सोसायटीचे चेअरमन आण्णासाहेब.

"पुतळा, तू दवाखान्यात राहिलेली बाई," ते शांतपणे म्हणाले. "पण गावाच्या पाण्याशी खेळ नको."

"आण्णासाहेब, म्या पायातलं पाणी उतरवते," पुतळाबाई म्हणाली. "हिरीतलं तुमचं इंजन उतरवतंय. ऐका की, आता बी चालूच हाय."

खरंच ऐकू येत होतं. गावविहिरीच्या वरल्या अंगाला आण्णासाहेबांचा मळा, त्यात कारखान्याला घालायचा ऊस, आणि त्या उसाला पाणी ओढणारं इंजन भकभक करत होतं. सगळ्यांनी ऐकलं. मग चांगुणाच म्हणाली, "ऊस कारखान्याचा हाय. कारखाना समद्यांचा हाय. त्याला कशाला नाव ठिवतीस?"

पुतळाबाई मागं वळली. "जाई, तू सांग ह्यांना. पाय हलका झाला का न्हाय?"

मित्रांनो, पाय माझ्यावरच होता. तो किती हलका झाला होता ते मला माहीत होतं. जाईबाईनं आण्णासाहेबांकडं बघितलं, सासूकडं बघितलं, आणि मग आपल्या पायाच्या बोटांकडं बघत बसली.

पुतळाबाईनं गोधडीची घडी घातली, माझ्यावर ठेवली आणि गेली.

कस्तुराबाईनं आमच्याकडच्या वाशीहून अंग रगडून देणाऱ्या महारुद्र पहिलवानाला आणलं. त्यानं अंगठे रुतवून पाय रगडला. जाईबाई फडकं चावून ओरडत होती आणि कस्तुराबाई म्हणत होती, ह्याला म्हणतात हात. दोन दिवसांत पाय लाल झाला, अंगात ताप भरला. पंधरावा दिवस अंथरुणातच गेला आणि कामावरचं नाव कटलं. सूज आधीपेक्षा वाढली आणि पुढं पाय कडक होत गेला. मला गोमूत्र शिंपडून परसात टाकलं, कोंबड्या बसायला.

आठ वर्षं गेली. कस्तुराबाई वारली, गावात दूध सोसायटी निघाली. बायका डोक्यावर चरव्या घेऊन डेअरीला जायच्या, जाईबाई दारातनं बघायची. एका दुपारी ती परसात आली. मला धरलं, हातभर पुढं सरकवलं, एक पाऊल टाकलं. पुन्हा सरकवलं. अशी मला ढकलत ढकलत ती बौद्धवाड्यात पुतळाबाईच्या दारात गेली. सगळ्यांच्या देखत गेली, पण तेव्हा कुणाला त्याचं काही नव्हतं.

पुतळाबाईनं पाय माझ्यावर घेतला, बोट दाबलं. खळगा पडला नाही. आत लाकूड झालं होतं.

"तवा पाणी हुतं, जाई. आता घट्ट झालंय."

"म्या तवा बोलले न्हाय," जाईबाई म्हणाली.

"व्हय. न्हाय बोललीस."

आणि तिनं जांघेपासनं सुरुवात केली, तसाच हलका हात. रोज केलं, वर्षभर केलं. दोऱ्याची गाठ जागची हलली नाही.

म्हणून मित्रांनो, सुजलेल्या अंगाला जोर लावू नका, कुणी कितीही म्हणालं तरी. जाणत्याला दाखवा. आणि कुणाच्या हातानं तुम्हाला बरं वाटलं, तर ते तिथंच सांगा, चार माणसं दारात उभी असतानाच सांगा. जाईबाईनं ते नंतर मला लई वेळा सांगितलं. पण मी लाकूड. मला सांगून काय उपयोग होता?