भरलेल्या टेबलाची जाहिरात

जाहिरात त्याने गॅरेजमध्ये उभ्याउभ्या वाचली आणि समोरच्या गाडीचा चेपलेला दरवाजा तो साफ विसरला. अपघात झालेल्या गाड्या तपासायच्या आणि विमा कंपनीला कळवायचं, हे त्याचं काम. पोचा परवाचा की गेल्या वर्षीचा, हे तो रंगावरून बोट फिरवून सांगायचा. गाडीचा मालक रडायला लागला की बाकीच्यांना दया यायची, याला मात्र वाटायचं, पाणी कुठेतरी मुरतंय. असा माणूस कुठलीच जाहिरात सरळ वाचत नाही. त्यात ही त्याच्या धाकट्या बहिणीची होती.

'रविवार दुपारचा आमचा गोष्टीचा खेळ. ऑनलाइन, फाशांवर. एक खेळाडू हवा. घाई नको, रुसवे नकोत. आधी चाचणी, तीही लिहूनच.'

खेळ असा की बहीण गोष्ट सांगणार, बाकीचे चौघे त्यातली पात्रं होणार, आणि पात्राने काही अवघड करायचं म्हटलं की फासे टाकून ठरणार. चौघांत एक नर्स, एक भूगोलाचे मास्तर, एक बेकरीवाला आणि चौथा हा, सगळ्यांचा दादा. म्हणजे खेळाच्या या ऑनलाइन टेबलावर सगळ्या जागा भरलेल्या होत्या. मग ही जागा कुणाची?

बहीण लांबच्या शहरात राहायची. एरवी फोनवर 'बरं आहे ना? बरं आहे' याच्यापुढे दोघांचं बोलणं सरकत नसे. रविवारी मात्र दुपारभर तिचा आवाज त्याच्या कानात असायचा. ती राक्षस व्हायची, म्हातारी व्हायची, मधेच स्वतःच्याच विनोदाला खिदळायची. ते गेलं तर बहीण नावापुरती उरेल, हे त्याला कळत होतं, आणि तो घाबरला होता.

सरळ विचारलं असतं तर लगेच उत्तर मिळालं असतं. पण सरळ विचारील तर तो हा कसला! त्याने आधी बेकरीवाल्यावर संशय घेतला, कारण तो हल्ली कमी हसायचा. मग मास्तरांवर, कारण त्यांचं इंटरनेट नेमकं लढाईच्या वेळी तुटायचं. मग नर्सवर, कारण तिच्या ड्युट्या बदलत होत्या. प्रत्येकाला जायला काहीतरी कारण होतं. फक्त याला नव्हतं, आणि नेमकं तेच त्याला खुपायला लागलं. शेवटी त्याने नवं खातं उघडलं, नाव ठेवलं 'पाहुणा', आणि स्वतःच्याच टेबलावर बसायला अर्ज केला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

'आधीचा ग्रुप का सोडलात?' बहिणीने लिहून विचारलं.

खोटं बोलणारा फार बोलतो, हे त्याला धंद्यानेच शिकवलं होतं. त्याने दोन शब्दांत उरकलं, 'शहर बदललं.' आणि लगेच विचारलं, 'जागा कुणाची रिकामी झाली?'

उत्तर आलं. 'अजून झालेली नाही. आधी खेळून तर बघू.'

चाचणी सुरू झाली. रानातली एक सराई, दार नुसतं लोटलेलं, आत दिवा. काय करता?

नेहमीचा तो असता तर आधी काठीने दार ढकललं असतं, उंबरठ्यावर खडे टाकले असते, छत न्याहाळलं असतं आणि सराईवालीच्या बाह्या झटकायला लावल्या असत्या. टेबलावर सगळे त्याला 'काठी' म्हणायचे आणि तो ते कौतुक समजायचा. पण आता तसा खेळला असता तर जागच्या जागी पकडला गेला असता. म्हणून त्याने मुद्दाम उलटं लिहिलं, 'दार ढकलून आत जातो. फार दमलोय.'

सराईवालीने वाटीभर काहीतरी गरम पुढे केलं.

'पितो. तिलाही बस म्हणतो. तू एकटीच चालवतेस का हे सगळं?'

झालं, सराईवाली बोलायला लागली. कुठल्या वाटेने जाऊ नये, तळघरात कोण कण्हतंय, आपला मुलगा का परतला नाही, सगळं तिने आपणहून सांगितलं. काठीला यातलं निम्मं कळायला कित्येक रविवार लागले असते, आणि तोवर तळघरातला मरून गेला असता. फासे वाईट पडले, तरी याला मजा आली. खोलीत एकटाच असून तो मोठ्याने हसला, आणि मग त्याला स्वतःचाच संशय आला.

थोड्या वेळाने तिचा निरोप आला. 'तुम्ही याच. आता खरं सांगते. ज्याची जागा देणार आहे तो माझा सख्खा मोठा भाऊ. वाईट नाही तो. पण मी गोष्टीत म्हातारी आणली की ती विष घालणार, पोर आणलं की ते हेर असणार! माझ्या एकाही माणसावर त्याने कधी विश्वास ठेवला नाही. बाकीचे तिघे म्हणतात, तो किंवा आम्ही. कधीपासून धीर गोळा करतेय. आज फोन करते त्याला.'

त्याला पहिल्यांदा वाटलं, हिने ओळखलंय आणि मुद्दाम लिहिलंय. त्याने पुन्हा वाचलं. नाही, बिचारीने सरळच लिहिलं होतं. मग मात्र ते जिव्हारी लागलं.

फोन वाजला.

"दादा, कसा आहेस? काम फार असतं का रे हल्ली? रविवारीसुद्धा?"

तिने त्याला निघायला वाट करून दिली होती, तीही किती जपून. "असतं गं," तो म्हणाला. "मी खेळ थांबवावा म्हणतो."

तिने सोडलेला श्वास त्याला स्पष्ट ऐकू आला. "बघ हं, तुझं तू ठरव," ती घाईघाईने म्हणाली. "तसा एक माणूस मिळालाय. फार छान खेळतो. तू असतास तर म्हणाला असतास, इतका चांगला कसा, नक्की काहीतरी काळंबेरं आहे."

"आहेच. तो मी आहे."

फोन कट झाला की काय, म्हणून त्याने स्क्रीन पाहिली.

"सराईवालीला बस म्हणाला, तो तू?"

"हो."

"खोटं बोलतोस."

"नाही गं. जागा कुणाची ते बघायला आलो होतो. पकडला जाऊ नये म्हणून दुसऱ्यासारखा खेळलो."

"इतकी वर्षं आमच्याशी का नाही खेळलास तसा?" तिचा आवाज चिरकला. "आणि आता खेळलास तरी मला काय वाटणार, सांग? हा खेळतोय की तपासायला आलाय? मला असं कुणाबद्दल वाटायचं नाही रे, दादा. आता वाटेल."

आपला रोग आपण तिला देऊन बसलो, एवढं त्याला लख्ख कळलं, आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

"पुन्हा चाचणी घे," तो म्हणाला. "माझ्या नावाने. सगळ्यांसमोर."



"बघते," ती म्हणाली.

ज्यांना नाही म्हणायचं असतं त्यांना ती हेच म्हणते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी या खेपेला त्याने तो शब्द उलटसुलट करून पाहिला नाही. "बरं, बघ," म्हणाला, आणि फोन तिने ठेवेपर्यंत कानाला लावून थांबला.