माझ्या एसीचे पाणी

मित्रांनो, मी १९७४ सालची, क्रीम रंगाची एक जुनी फियाट आहे. वय सांगताना मला संकोच वाटत नाही. पुढची हकीकत सांगताना मात्र वाटतो.

माझे मालक कडुबा सर. एका आयटीआयमध्ये त्यांनी तीस वर्षे वातानुकूलन शिकवले. शहागंजच्या एका व्यापाऱ्याच्या आवारात मी गंजत पडले होते. निवृत्त झाल्यावर सरांनी मला घेतले, गंज खरवडला, नवा रंग दिला. त्यांच्या पत्नी मुक्ताबाईंना मे महिन्याचे ऊन सोसवेना, म्हणून त्यांनी स्वतःच्या हातांनी मला एसी बसवला. इंजिनाला कॉम्प्रेसर जोडला आणि डॅशबोर्डखाली, शेजारी बसणाऱ्याच्या गुडघ्यांवर येईल अशी थंड हवेची पेटी टांगली. सगळे मोजूनमापून केले. एकाच ठिकाणी माझ्यावरची माया आडवी आली. पेटीत साचणारे पाणी बाहेर काढायला तळाच्या पत्र्याला नवे भोक पाडणे जरूर होते. सरांचा हात धजेना. त्यांनी नळी वायरींच्या जुन्या, उंचावरच्या भोकातून नेली. पाणी वर चढत नाही, हे त्यांनीच पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांना शिकवले होते. माझा पत्रा वाचला याचा मला आनंद झाला. त्या आनंदाची आज लाज वाटते.

पहिल्यांदा आम्ही बिडकीनला, लेक रत्नमालाच्या सासरी निघालो. गारव्यात मुक्ताबाईंना झोप लागली. बिडकीनच्या गल्लीतल्या शेवटच्या वळणावर भरलेली पेटी हिंदकळली आणि पाणी त्यांच्या मांडीवर सांडले. त्यांना जाग आली तेव्हा दार उघडलेले होते आणि समोर रत्नमालाच्या सासूबाई, आशाबाई, चार बायकांसह उभ्या होत्या.

"अगं बाई, विहीणबाई! रस्त्यात थांबायचं व्हतं की. वय झालं आता, त्यात लाजायचं काय?"

बायका हसल्या. झोपेत आपल्याकडूनच झाले असे समजून मुक्ताबाई पदर पुढे ओढून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सरांनी पेटी उघडली आणि त्यांना सारे कळले. मुकाट्याने त्यांनी भोक पाडले, नळीला उतार दिला. घरात मात्र चकार शब्द काढला नाही. साऱ्या गल्लीत स्वतःच्या कामाची फुशारकी मारून झाली होती ना! इकडे मुक्ताबाई बाहेर जायचे असले की सकाळपासून पाणीच पिईनात. पंधराव्या दिवशी माझ्या दाराला हात लावताच त्या भोवळ येऊन खाली बसल्या.

"घोटभर बी घेतलं नाय," त्या पुटपुटल्या. "पुन्हा तसं झालं तर?"

सर त्यांच्यासमोर फरशीवर बसले. "मुक्ता, ते पाणी गाडीचं व्हतं. मला दुसऱ्याच दिवशी कळलं."

"अन् पंधरा दिस मला भिजत ठिवलं?"

सरांनी उठवायला हात पुढे केला, तो मुक्ताबाईंनी बाजूला सारला.

"तांब्या आणा. मग बिडकीनला चला. त्याच चार बायांपुढं सांगायचं, तुम्ही सोता."

सरांनी तिथे माझ्याजवळ उभे राहून, मान खाली घालून सांगितले. आशाबाईंनी तोंडावर हात ठेवला. "अन् मी मेली काय बोलून बसले!"

परतताना मुक्ताबाई मागच्या सीटवर बसल्या.

मित्रांनो, जुन्या वस्तूंवर जरूर माया करा. पण त्या मायेपायी आमचा दोष माणसाच्या माथी मारू नका. भोक पाडावे लागले तर पाडा, पत्रा ते सोसतो. माझी नळी आता नीट वाहते. सरांशेजारची पुढची सीट अजून रिकामीच असते.